गौरवीचे बोट आणि माझी पट्टी

मी एक जुना पियानो आहे आणि सध्या गोव्यातल्या पार्से गावात, सगुणच्या घरी, भाताच्या पोत्यांना खेटून उभा आहे. मित्रांनो, हसू नका. पोती बिचारी शांत असतात आणि डोक्यावर फुलदाण्या ठेवत नाहीत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येत नाही. झाकणाच्या आत नाव होते, ते दमट हवेने कधीच खाल्ले. आठवते ते पणजीतले घर. तिथे पाहुणे आले की मुले माझ्यापुढे बसायची, टाळ्या पडायच्या आणि मी उगाच ऐटीत असायचो. मुले मोठी झाली, परदेशी गेली. मग बारा वर्षे माझे झाकण कुणी उघडले नाही. माझ्यावर फोटो आले, औषधांच्या बाटल्या आल्या, एक मांजर आले. मांजराचा मला राग नव्हता. निदान ते ऊब देत असे.

घर विकले गेले तेव्हा सामान न्यायला सगुण आपला टेंपो घेऊन आला. नव्या फ्लॅटच्या जिन्यात मी मावेना. मालकीणबाईंनी विचारले, "तुमच्याकडे कोणी वाजवील का?" सगुणला नऊ वर्षांची मुलगी, गौरवी. तो लगेच हो म्हणाला. स्वतः तो गावच्या भजनात पेटी वाजवतो, पण मला त्याने कधी हात लावला नाही. "ह्यां शिकलेल्यांचां वाद्य," असे म्हणायचा आणि दुरूनच कौतुकाने बघायचा.

गौरवी दर शनिवारी बसने पणजीला अंकिता टीचरकडे शिकायला जाऊ लागली. घरी रोज माझ्यापुढे बसायची. बोटे चिमुकली, पण मोठी जिद्दी. दसऱ्याला तिच्या आईने, रेश्माने, टेंपोची पूजा केली तशी माझीही केली. झेंडूची माळ, गंध, ओल्या कुंकवाच्या अक्षता. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी अगदी सुखावून गेलो.

त्याच आठवड्यात टीचरनी तिला ट्रिल शिकवायला घेतली. ट्रिल म्हणजे सुराचा दागिना. शेजारच्या दोन पट्ट्या भराभर आलटूनपालटून वाजवायच्या, की सूर थरथरतो. गौरवीचा सूर दोनतीनदा थरथरे आणि बंद पडे. कारण एक लाल अक्षत माझ्या नेमक्या त्याच दोन पट्ट्यांच्या फटीत चिकटली होती. दाबलेली पट्टी वेळेवर वर येत नव्हती. मला कळत होते, पण सांगणार कसे? ती वीसवीस वेळा वाजवायची आणि दर वेळी मीच तिला पाडायचो. शेवटी ती आपल्या बोटावर चापट्या मारू लागली. मित्रांनो, त्या मला लागत होत्या. टीचरकडे तर ती ट्रिल गाळून नुसता साधा सूर वाजवून मोकळी व्हायची.

तुळशीचे लग्न झाले, तरी ट्रिल काही जमेना. एका संध्याकाळी ती बापाला म्हणाली, "बाबा, माका जमना नाय. माझां बोटच वायट. पियानो कोणाक तरी देवन टाक."

माझ्या तारा गारठल्या. पुन्हा बाटल्या, पुन्हा अंधार!

सगुण पँटला हात पुसून पहिल्यांदाच माझ्यापुढे बसला. "खंय अडता ता दाखय," म्हणाला. तिने दाखवले. पेटीवर मुरक्या घेणारी त्याची सराईत बोटे त्या दोन पट्ट्यांवर धावली आणि तिच्यासारखीच, तिथेच अडखळली. त्याने पुन्हा वाजवले. पुन्हा तेच.

"बाय," तो म्हणाला, "तुझां बोट बरां आसा. पट्टीच वर येना नाय."

रेश्माने केसांतली पिन काढून फटीत घातली. लाल दाणा बाहेर आला. तो तळहातावर घेऊन ती बघतच राहिली. "अगो बाय, ह्यां तर मीयाच टाकलंय!" असे म्हणत तिने गौरवीचे ते बोट आपल्या गालाला लावले.

मग गौरवीने ट्रिल वाजवली. सूर थरथरत राहिला, ती थांबायलाच तयार नव्हती. सगुणने शेजारी बसून ठेका धरला. जेवण त्या दिवशी उशिराच झाले.

यंदाच्या दसऱ्याला रेश्माने आधी माझे झाकण लावले आणि मग वर एक फूल ठेवले. मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण फडकेही मारा, आणि फटीत काय अडकले आहे ते अधूनमधून बघा. आणि तुमच्यातले कुणी अडखळले, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या जागी बसून एकदा स्वतः वाजवून बघा. गौरवी महिनाभर आपल्या बोटाला मारत होती, आणि खोट माझ्यात होती.