लोण्याखालची गाय

मी एक जुना सांगाडा आहे. लाकडाचा, लोखंडी नळ्यांचा आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा. दरवर्षी ऑगस्टातल्या शेतकी जत्रेसाठी माझ्या अंगावर लोणी थापतात आणि माझी गाय करतात. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी मला पाहायला रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांशी मैत्री करावी, असे मला कधी वाटलेले नाही.

आमचे शहर अमेरिकेतल्या एका राज्याची राजधानी आहे. मक्याच्या शेतांमधून तासन् तास गाडी हाकत कुटुंबेच्या कुटुंबे इथे येतात. सकाळी मान वर करून विधानभवनाचा घुमट पाहतात. दुपारी प्राणिसंग्रहालयातला झोपलेला सिंह पाहतात. आणि जत्रा भरलेली असेल तर संध्याकाळी मला. घुमटाखाली बाप जांभया देतो, सिंहापाशी आई पायातले काढून टाचा चोळते, आणि माझ्यापर्यंत पोहोचेतो पोरे काठीला खोचलेली तळकट सॉसेजे खाऊन पोट धरून बसलेली असतात. मग माझ्या थंड खोलीच्या काचेपलीकडून माझ्याकडे पाहून बाप विनोद करतो, की आता एवढा मोठा पाव कुठून आणायचा. हा विनोद आपल्यालाच सुचला असे प्रत्येक बापाला वाटते. बायकोला हसावे लागते.

त्यानंतर फोटो. फोटोत काच चकाकते आणि तिच्यात त्यांचीच तोंडे उमटतात. तीच घरी नेऊन ते शेजाऱ्यांना गाय म्हणून दाखवतात.

आणखी एक गोष्ट सांगतो. ते लोणी ताजे नसते. जत्रा संपली की ते खरवडून पिंपांत भरतात, गोठवून ठेवतात आणि पुढच्या वर्षी मळून पुन्हा लावतात. त्यातल्या काही लोण्याचे वय तर काचेला नाक लावणाऱ्या पोरांहून जास्त असते. तरी लोक म्हणतात, "किती ताजं दिसतंय नाही?" मी आत उभा राहून ऐकतो.

मला ऑर्व्हिल स्टॅक नावाच्या माणसाने बनवले. नांगर आणि कापणीयंत्रे दुरुस्त करायचे त्याचे दुकान होते. त्याची बायको व्हर्लीन दूधदुभत्याच्या घरातली. गाईच्या कुशीला डोके टेकून धार काढतच ती मोठी झाली होती. जत्रेच्या मंडळाला लोण्याची गाय करणारे कोणी हवे होते तेव्हा ती गेली आणि म्हणाली, मी करते. त्याआधी तिने लोणी फक्त पावाला लावले होते.

ऑर्व्हिलने घरच्या जर्सी गाईला अंगणात उभे केले, दोरीने तिची मापे घेतली आणि त्या मापाने मला जोडले. ती गाय एका मागच्या पायावर भार टाकत नसे. त्यामुळे माझी कंबर एका बाजूला कललेली आहे. व्हर्लीनने मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा कमरेवर हात ठेवून विचारले, "ही गाय आहे की बसची वाट बघणारी बाई?"

"गाई अशाच उभ्या राहतात. तू लोणी लाव," ऑर्व्हिल म्हणाला.

तिने लावले. कडाक्याच्या थंड खोलीत, अंगात दोन-दोन कोट आणि हात मात्र उघडे. हातमोजे घातले की लोण्याचा मऊपणा कळत नाही, असे ती म्हणे. तिच्या बोटांखाली माझ्यावर बरगड्या उमटत, गळ्याच्या घड्या उमटत, पोटाखाली शिरा उमटत. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतले. दूरचित्रवाणीवाले आले. राज्याचा गव्हर्नर येऊन लोण्याकडे पाहून हसला. माझे नाव कुणी काढले नाही. जत्रा उठली की मला मेंढ्यांच्या कोठाराच्या माळ्यावर टाकत. तिथे कबुतरे माझ्यावर बसत. पाहुण्यांपेक्षा ती बरी होती. ती निदान विनोद करत नसत.

मग ऑर्व्हिल वारला. दुकान सांभाळायला त्यांचा मुलगा ड्वेन शिकागोहून बायकोसकट परत आला. ही बायको मारीसोल. ती शिकागोत एका बेकरीत लग्नाच्या केकवर साखरेची फुले काढायची. सून नावडायला व्हर्लीनला तेवढे पुरले. ती पहिल्यांदा थंड खोलीत आली तेव्हा सासूने तिच्या हातात बादली दिली आणि सांगितले, लोणी मळ, आणि गाईला हात लावू नकोस. खरे सांगायचे तर मलाही ते योग्यच वाटले. साखरेच्या गुलाबांवर जगणाऱ्या बाईने माझ्या अंगाला हात लावावा हे मला सहन झाले नसते.

काही वर्षे ती नुसती मळत राहिली. तोवर व्हर्लीनच्या बोटांना संधिवाताने गाठले. बोटे वाकडी झाली, पेरे सुजली. एका दुपारी ती जरा टेकली असताना मारीसोलने माझा एक कान करून ठेवला. व्हर्लीन उठली, कान पाहिला आणि तळहाताने पुसून टाकला.

"हा कान आहे की केकवरचं पान?"

"तुम्ही शिकवलंत तर कान होईल," मारीसोल म्हणाली.

"हे शिकवून येत नाही. त्याला धार काढावी लागते."

मारीसोलने बादली उचलली. पण त्या हिवाळ्यात ती रोज पहाटे शेजारच्या हुकस्ट्राच्या गोठ्यात जाऊ लागली. मजुरी नको, फक्त धार काढायला शिकवा, असे तिने त्याला सांगितले म्हणे. ही बातमी गावभर झाली. पुढच्या ऑगस्टात सासूने तिला एवढेच ऐकवले, की तुझ्या कोटाला शेणाचा वास येतोय. मला ते ऐकून बरे वाटले होते. आता वाटत नाही.

त्याच वर्षी मंडळाच्या रॉजर डालग्रेनने काचेवर एक फलक लावला: व्हर्लीन स्टॅक यांची अखेरची गाय. तिला कुणी विचारले नव्हते. रॉजरच्या डोक्यात पुढच्या वर्षापासून प्लास्टिकची गाय होती. तिला थंड खोली लागत नाही, बोटे लागत नाहीत आणि ती वितळत नाही. 'अखेरची' हा शब्द वाचून लोकांची रांग दुप्पट झाली. जे आजवर कधी फिरकले नव्हते तेही हळहळायला आले. व्हर्लीनने मात्र त्या वर्षी माझे डोके फार जीव लावून केले. डोळ्यांच्या पापण्या करताना तिच्या तोंडून कण्हणे येई, आणि ते सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून ती खोकत असे.

शनिवारी, ऐन गर्दीत, खोली थंड करणारे यंत्र बंद पडले. बाहेर अंग भाजणारे ऊन होते. व्हर्लीन वासरांच्या स्पर्धेत पंच म्हणून गेली होती. आत मारीसोल एकटी, सासू नाही तेवढ्यात माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. आधी माझ्या अंगाला घाम आल्यासारखे झाले. मग पाठीवरून एक थर सरकला. मग डोके, जे सगळ्यात जड असते, मानेवरून खाली येऊ लागले आणि गळ्यापाशी जाळी उघडी पडली.

बाहेरच्यांना आनंद झाला. खोटे सांगत नाही, आनंदच झाला. फोन वर झाले. मागचे पुढच्यांच्या खांद्यावर चढले. कुणीतरी ओरडले, "अरे, आत कोंबड्यांची जाळी आहे," आणि सगळे असे हसले की जणू आम्ही त्यांना इतकी वर्षे फसवत होतो. एकाने हातातला पाव काचेला चिकटवला. अखेरच्या गाईसाठी हळहळणारेही त्यांच्यात होते. दोन तासांपूर्वीची ओली रुमालाची टोके अजून त्यांच्या खिशात असतील.

रॉजर धापा टाकत दारात आला. म्हणाला, "मेकॅनिक यायला वेळ आहे. पडदा ओढू आणि पडू दे. तुम्ही बाहेर या."

"डोकं त्यांनी केलंय," मारीसोल म्हणाली. "त्यांना आता पुन्हा करता येणार नाही."

आणि तिने माझ्या जबड्याखाली आपला खांदा दिला, दोन्ही हात मानेभोवती घातले आणि ती तशीच उभी राहिली. लोणी तिच्या मानेवरून कोटात उतरले, केसांत गेले. बाहेर कुणी शिट्टी वाजवली, कुणी गाईबरोबर नाच म्हणून सांगितले. तिने तिकडे पाहिले नाही. इतक्या वर्षांत माझे ओझे कुणी अंगावर घेतले नव्हते. तिच्या कोटाला गोठ्याचा वास येत होता. मला त्या जर्सी गाईच्या मापाने बनवले आहे, पण खऱ्या गोठ्याचा वास मला तेव्हा पहिल्यांदा आला.

व्हर्लीन आली तेव्हा गर्दी बाजूला झाली. आता सुनेची खरडपट्टी निघणार, या आशेने फोन अजून वर गेले. तिने दार उघडले. माझ्याकडे पाहिले, मग मारीसोलकडे पाहिले. एक बादली पालथी घातली, गर्दीकडे पाठ करून तिच्यावर बसली आणि आपली वाकडी बोटे दुसऱ्या बाजूने माझ्या गळ्याखाली लावली.

"खांदा जरा खाली घे," ती म्हणाली. "गाय मान इतकी ताठ धरत नाही."

मारीसोलने खांदा खाली घेतला. मग दोघी डोके तसेच धरून राहिल्या. बाहेरच्यांना कंटाळा आला, कारण काही पडेना. ते पांगू लागले.

"हुकस्ट्राच्या गाई कशा आहेत?" व्हर्लीनने विचारले.

"एक पांढरी आहे. लाथ मारते."

"थेट कासेला हात लावत असशील. आधी पाठीवर ठेवायचा. आपण कोण आलोय ते तिला कळू दे."

"बरं."

मेकॅनिक आला, यंत्र सुरू झाले, लोणी पुन्हा घट्ट झाले. डोके मूळच्या जागेवर राहिले नव्हते. ते थोडे खाली आणि एका बाजूला वळले होते, कुणाचीतरी चाहूल घेतल्यासारखे. मारीसोल ते सरळ करायला निघाली तेव्हा व्हर्लीन म्हणाली, "राहू दे. बरं दिसतंय." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले, की अखेरच्या गाईच्या मानेला दिलेला हा नाजूक कल म्हणजे व्हर्लीन स्टॅक यांच्या कलेचा कळस आहे. असल्या लोकांचे काय करायचे ते तुम्हीच सांगा.

पुढच्या वसंतात रॉजर प्लास्टिकच्या गाईचे चित्र घेऊन कोठारात आला. मला माळ्यावरून खाली काढत होते, म्हणून ते बोलणे मी ऐकले. व्हर्लीनने चित्र नीट पाहिले आणि परत केले.

"ठेव की, रॉजर. प्लास्टिकची गाय ठेव, बघायला प्लास्टिकची माणसं आण. आमची गाय मात्र यंदाही होणार. डोकं मारीसोल करेल."

"आणि तुम्ही?"

"मी पोट करीन. पोट काय, कुणालाही येतं."

मारीसोल माझी जाळी घासत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला आणि मग पुन्हा चालू झाला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी विनवणी करायची असते. मला जपा असे मी म्हणणार नाही. गंजलो तर दुसऱ्या नळ्या मिळतील. तुम्ही या, घुमट पाहा, सिंह पाहा, मला पाहा, हवे तेवढे फोटो काढा. पण तुमच्या डोळ्यांदेखत काही कोसळू लागले आणि कुणी त्याच्याखाली खांदा देऊन उभे राहिले, तर आत येऊन हात लावा. तेवढे जमत नसेल तर निदान काचेपुढून बाजूला व्हा. आत काम करणाऱ्यांना उजेड लागतो.