बरणीतला आवाज

"आता बंद कर," हे म्हणाले.

लेक ऑक्सिजनच्या मशीनपाशी बटणावर बोट ठेवून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मशीनची घरघर थांबली आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. खिडक्यांवर आम्ही रजया टांगल्या होत्या. दाराच्या फटीत जुनी चादर कोंबली होती.

"मला," हे माइकमध्ये म्हणाले.

लगेच नळी नाकाशी, बटण सुरू. ओठांचा रंग परत येईपर्यंत थांबायचं. पुन्हा मशीन बंद.

"हात."

पुन्हा सुरू.

"बाबा, पुरे झालं हं," लेक म्हणाली. "एका कार्टूनसाठी जीव द्यायचाय का तुला?"

यांनी बोट वर करून तिला थांबवलं, दम गोळा केला आणि म्हणाले, "कार्टून नव्हे. सिनेमा."

लेक हसली नाही. एरवी हसली असती.

यांचं आयुष्य एका बरणीत गेलं. चित्रकथेतला खलनायक होता तो, महामस्तक. शास्त्रज्ञ होता, शरीर जळून गेलं, उरला नुसता मेंदू. काचेच्या बरणीत, हिरव्या पाण्यात तरंगणारा. हात नाहीत, पाय नाहीत, तोंडसुद्धा नाही. एका तारेतून बोलायचा आणि जग ताब्यात घ्यायला निघायचा. चित्रकथेचं टीव्हीवर कार्टून झालं तेव्हा त्याला आवाज यांनी दिला. झगा घालून उडणाऱ्या नायकाचे आवाज किती बदलले! कुणी परगावी गेला, कुणी पैसे जास्त मागितले म्हणून गेला. बरणी तीच राहिली. स्टुडिओत यांना सगळे बरणीसाहेब म्हणत. आणि घरी हा माणूस पाल दिसली की खुर्चीवर चढायचा. "अगं, हिला घालव आधी, मग मी जग जिंकतो," म्हणायचा.

मी त्याच स्टुडिओत आवाज कापायचं काम करायचे. लग्न तिथंच जमलं. महामस्तकाला फुप्फुसं नाहीत, म्हणून त्याचा श्वास ऐकू येता कामा नये, असा पहिल्या दिग्दर्शकाचा नियम होता. माणूस बोलताना श्वास घेतोच. दोन वाक्यांमधला तो श्वास शोधायचा, कापायचा आणि टोकं जुळवायची, हे माझं काम. तेव्हा फीत होती, ब्लेडने कापायची. यांचे श्वास बोटभर तुकडे होऊन पायाशी पडायचे आणि संध्याकाळी खोली झाडताना केरात जायचे. पुढे कॉम्प्युटर आला. केर काढायचं काम तेवढं वाचलं.

आता त्या कार्टूनचा सिनेमा होत होता. दिग्दर्शिका तरुण होती. पहिल्याच भेटीत ती यांना म्हणाली, "काका, तुमच्यामुळे मी लहानपणी पलंगाखाली बघितल्याशिवाय झोपत नसे."

"मग आता बघत नाहीस?"

"आता पलंगाखाली सामान ठेवलंय."

हे खूप हसले, आणि हसताना पहिल्यांदा तो खोकला आला. खोकला वाढत गेला, तोवर सिनेमातलं यांचं जवळजवळ सगळं बोलणं झालं होतं. राहिलं होतं फक्त शेवटचं, बरणी फुटण्याआधीचं. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. मग दिग्दर्शिका घरी आली आणि पाण्याचा पेला हातात धरून बसली.

"काकू, शेवट दुसऱ्या आवाजात नाही चालणार. शेवट मिळाला नाही, तर सगळाच सिनेमा नव्या माणसाकडून पहिल्यापासून बोलून घ्यावा लागेल. वरून तसंच सांगितलंय. मला नको आहे ते, पण..."

आतून यांनी ऐकलं होतं. ती गेल्यावर मला म्हणाले, "एकेक शब्द बोलतो. तू जोड."

मशीन चालू ठेवून बोलून पाहिलं होतं. त्याची घरघर शब्दाखाली चिकटते. काढायला जावं तर आवाजाचं सालही निघून येतं. म्हणून ते बटण, आणि बटणावर लेकीचं बोट.

शेवटचं बोलणं असं होतं: 'मला हात नव्हते, पाय नव्हते. तरी तुम्ही सगळे मला घाबरलात. फोडा ही बरणी. मी कुठेही जाणार नाही.'

'फोडा'पाशी हे थांबले. चमच्याने पाणी घेतलं. "कसं जमतंय?" असं मला खुणेने विचारलं.

"चांगलं जमतंय," मी म्हटलं. "जरा रागावून म्हणा. बिचारे वाटताय."

"बिचारा," हे म्हणाले, आणि डोळे मिचकावले. मग तो 'फोडा' असा म्हणाले की लेकीने दचकून बटणावरचं बोट उचललं.

'जाणार'पर्यंत झालं. शेवटचा 'नाही' तेवढा राहिला. यांनी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

"उद्या," मी म्हटलं. लेकीने मशीन सुरू केलं आणि ती तोंड धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाचं नाव घेऊन मी उठले तोवर यांची नखं निळी पडली होती. इस्पितळात नेलं. तिथे एका खुर्चीवर मी बसून राहिले, नाव घेत. यांचा श्वास ऐकू येत होता, ओढून घेतलेला, खरखरीत, प्रत्येक वेगळा. दुपारी कधीतरी एका श्वासानंतर पुढचा आला नाही. छान मोकळी, स्वच्छ जागा आली. आणि सवयीने मला बरं वाटलं. कापायला जागा चांगली मिळाली, असं वाटलं. नर्स धावत आली तेव्हा कळलं.

मला रडू आलं नाही. लेक रडली. पाहुणे म्हणाले, धक्का बसलाय, रडवा तिला. मी त्यांच्यासाठी चहा टाकला.

काही दिवसांनी दिग्दर्शिका पुन्हा आली. दारातच माझे हात धरून म्हणाली, "काकू, राहू दे. मी वरच्यांना सांगते."

"काय सांगतेस? एक शब्दच राहिलाय."

मी कामाला बसले. 'नाही' जुन्या भागांतून घ्यायचा होता. तोटा नव्हता. यांनी घरात मला कधी कशाला नाही म्हटलं नाही, बरणीतल्याने मात्र प्रत्येक भागात म्हटलं होतं. पण ते सगळे तरुण 'नाही' होते, या बोलण्यापुढे पोरकट वाटत होते. शेवटी एक सापडला, भर सर्दीत बोललेला. जड, घशात अडकलेला. तो बसला.

मग श्वास काढायला घेतले. या वेळी वाक्यांमध्ये नव्हते, प्रत्येक शब्दाच्या अलीकडे आणि पलीकडे होते. शब्द थोडे आणि श्वासच जास्त.

दिग्दर्शिका शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "काकू, एखादा राहू द्या ना. शेवटी मरताना त्याला श्वास लागतोय असं वाटलं तर लोकांना भिडेल."

"त्याला फुप्फुसं नाहीत गं."

"हो, पण..."

मागून लेक म्हणाली, "आई, ठेव ना एक. निदान आपल्यासाठी तरी."

मी हेडफोन काढून ठेवला. ते श्वास मी ऐकले होते. घरी ऐकले, इस्पितळात ऐकले. यांना ते कुणाला ऐकवायचे नव्हते, म्हणून तर एकेक शब्द बोलले. हे काही मला दोघींना नीट सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "ह्यांना आवडायचं नाही."

सगळे काढले. टोकं जुळवली. मग दोघींना ऐकवलं. कुठेच सांधा कळत नव्हता. दिग्दर्शिका रुमाल शोधत बाहेर गेली.

सिनेमा लागला तेव्हा लेक मला घेऊन गेली. सकाळचा खेळ होता, लहान मुलांनी भरलेला. अंधारात यांचा आवाज सगळीकडून येत होता, छतातून, भिंतीतून. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आईच्या कुशीत तोंड लपवून म्हणत होती, "गेला का तो? सांग ना, गेला का?"

शेवट आला. 'मी कुठेही जाणार नाही.' झगेवाल्याने मूठ उगारली, काच फुटली, हिरवं पाणी पडदाभर वाहिलं. मग थेटरातली सगळी पोरं उभी राहिली. शिट्ट्या, आरडाओरडा, टाळ्याच टाळ्या. पुढची चिमुरडी खुर्चीवर चढून ओरडली, "मेला! मेला एकदाचा!"

लेकीने माझा दंड घट्ट धरला. "आई, आपण निघूया का?"

"थांब," मी म्हटलं. मांडीवरची पर्स बाजूला ठेवली आणि मुलांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.