कुशाबाईच्या घराला एक तारा

खुशबूचा माणसांवर पटकन विश्वास बसत नसे. जुन्नरच्या बाजारपेठेत पिढ्यानपिढ्या कापड विकणाऱ्या घरातली मुलगी ती. 'उद्या नक्की येतो' म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि अशा मुलीने काढलेली वेबसाइट मात्र सगळी परक्यांच्या शब्दावर चालणारी! नाणेघाटाकडे फिरायला आलेल्यांनी गावातल्या घरांत उतरायचं, जेवायचं आणि मग त्या घराला एक ते पाच तारे द्यायचे.

घाटघरच्या कुशाबाईचं घर त्या साइटवर कायम वर असायचं. तिच्या हातची नाचणीची भाकरी खायला लोक थेट पुण्याहून यायचे. एके दिवशी ते घर घसरून तळाला गेलं. खुशबूने पाहिलं, तर एकाच दुपारी पन्नासेक जणांनी एक-एक तारा देऊन ठेवलेला. साइटवर तारे कुणालाही देता यायचे; नावांवरून देणारे सगळे घाटघरचेच दिसत होते, आणि कारण एकानेही लिहिलेलं नाही.

तिचा संशय सरळ समोरच्या घरावर गेला. तिथे कुशाबाईचा धाकटा दीर सावळाराम राहायचा, आणि त्याने नुकत्याच पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधून साइटवर टाकल्या होत्या. खुशबूने गावातल्या ओळखीच्या गोरखला फोन लावला.

"व्हय, सावळारामभाऊनंच समद्यांना ओसरीवर बोलावलं व्हतं," गोरख म्हणाला. "फोन घिऊन या म्हनला. च्या बी पाजला."

आणखी काय पुरावा हवा? चहा पाजून माणसं गोळा करणारा माणूस खुशबूला नेहमीच खटकायचा. तिने सावळारामचं घर साइटवरून काढून टाकलं. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण तिला राहवलं नाही. तिने कुशाबाईला फोन करून सगळं सांगितलं. कुशाबाई नुसतं "बरं" म्हणाली.

त्याच महिन्यात सावळारामच्या लेकीचं, संस्कृतीचं लग्न होतं. केळवणाचा पहिला मान थोरल्या चुलतीचा, पण कुशाबाईने चूल पेटवली नाही. ती लग्नालाही गेली नाही. पोरगी चुलतीच्या हातचा घास न खाताच सासरी गेली.

पुढे घरांचे नवे फोटो काढायला खुशबू घाटघरला गेली, तेव्हा सावळारामने तिला वाटेतच गाठलं.

"ताई, आमचं घर साइटवर दिसंना झालंय. आन वहिनी बोलंना झाल्यात. काय चुकलं, ते कुनीच सांगत नाय."

काय साळसूद माणूस आहे, खुशबू मनात म्हणाली. तिने सरळच विचारलं, "त्यांच्या घराला एकच तारा का दिलात?"

"एकच की. एका मानसाचं एकच मत." त्याने खिशातून फोन काढला, कुशाबाईचं घर उघडलं आणि तिला दाखवलं. "ह्ये बघा, नावाशेजारचं बटन. मतदानाच्या मशीनवर दाबतो तसंच. समद्या गावाला मीच शिकवलं. वहिनीचं घर निवडून आलं पायजे, म्हनलं."

खुशबू त्या पडद्याकडे बघत राहिली. डाव्या हाताला घराचं नाव आणि त्याला खेटून ताऱ्यांची ओळ. फोनवर जागा वाचावी म्हणून तिनेच ती तशी मांडली होती. पहिला तारा बरोबर नावाशेजारी येत होता. पाच म्हणजे चांगलं आणि एक म्हणजे वाईट, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते सगळ्या जगाला माहीत असतं, असं ती धरून चालली होती.

तशीच ती कुशाबाईच्या घरी गेली आणि तिने तिला सगळं सांगून टाकलं. "साइट मी आजच दुरुस्त करते, मावशी. चूक माझीच. मीच संशय घेतला."

कुशाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"तू परकी, पोरी. तू संशय घेनारच. मी लगीन हून आले तवा ह्यो एवढासा व्हता. माझ्या पदराला धरून पानवठ्यावर यायचा. आन मी त्याला इचारलं बी नाय."

ती उठून दारापर्यंत गेली. समोर सावळाराम आपल्या ओसरीवर उभा राहून इकडेच बघत होता, आणि कुशाबाईला उंबरा ओलांडवेना.