झिपरीची खांदेमळणी

मी झिपरी बोलतेय. अंगावर केस लांब, म्हणून झिपरी. नाव ठेवताना कुणी याहून जास्त विचार केला नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

मेहेक डॉक्टरीण पार पुदुच्चेरीहून जनावरांची डॉक्टर होऊन शिरूर कासारला परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, इथली कुत्री दारात बांधलेली असतील. प्रत्येकाचा एक मालक असेल. त्याला एकदा समजावून सांगितलं, की तो दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता कुत्र्याला गोळी देईल. आणि तिला सापडली मी! अर्धं वर्ष गावाबाहेरच्या वस्तीवर, अर्धं वर्ष उसाच्या फडात. गळ्यात पट्टा नाही, दाराला साखळी नाही. खरं तर दारच नाही.

माझा जन्म उसाच्या फडावरचा. ऊसतोडीला गेलेली माणसं ज्या पाचटाच्या झोपडीत राहतात, तिला कोपी म्हणतात. भिवराबाई आणि उत्तरेश्वर यांच्या कोपीत, चुलीच्या उबेला मी आणि माझा भाऊ भुऱ्या जन्मलो. हंगाम संपला तसे बैलगाडीत भांड्यांच्या मधोमध बसून आम्ही गावी आलो. तेव्हापासून दरवर्षी दसरा झाला की जायचं आणि उन्हाळा लागला की यायचं. मला हे जगणं फार आवडतं. फडात उंदीर असतात, पाटाचं थंड पाणी असतं, आणि दमून आलेली भिवराबाई आधी मला भाकरी टाकते, मग स्वतः जेवते.

फडात डासही असतात. लई डास.

गेल्या हंगामात भुऱ्या खोकायला लागला. थोडं पळाला की धापा टाकत बसायचा. लोक म्हणाले, "आळशी झालंय बेनं, आयतं खाऊन माजलंय." पोट सुटलं तर म्हणाले, "बघा, खातंय किती!" एके दिवशी पाटाच्या कडेला तो बसला, तो उठलाच नाही. तुम्हाला एवढंच विनवते, तुमच्या दारातलं कुत्रं पळता पळता थांबायला लागलं, तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरकडे न्या.

मेहेकनं भुऱ्याची हकिगत ऐकली आणि ती ताडकन उठली. नक्की काय झालं होतं ते आता कळायचं नाही, पण तिला एक शंका आली. ती भिवराबाईला म्हणाली, "मावशी, डास आजारी कुत्र्याला चावतो, मग तोच झिपरीला चावतो, आणि जंतांची बारीक पिल्लं तिच्या अंगात सोडतो. ती वाढत वाढत काळजात जाऊन बसतात, शेवयांच्या गुंत्यासारखी."

"काळजात जंत? पोटात होत्यात एवढंच ऐकलं व्हतं मी."

"मोठे झाल्यावर काढणं फार अवघड. पण महिन्याच्या महिन्याला औषध दिलं, तर वाढायच्या आतच मरतात."

मग तिनं माझं थेंबभर रक्त तपासलं. मी स्वच्छ निघाले! तिला माझ्याहून जास्त आनंद झाला. तिचे अब्बा, पाशाभाई, ट्रॅक्टर दुरुस्त करतात. त्यांच्या गॅरेजातल्या भंगाराच्या काट्यावर तिनं माझं वजन केलं. पाशाभाई म्हणाले, "बेटा, भावानं इकायची का किलोवर?" मी त्यांचा हात चाटला. ते ओरडले, "ओ, ग्रीस हाय बे त्याला!"

पहिली गोळी मी गुळात लपेटलेली खाल्ली. छान लागली. दुसरी गोळी भिवराबाईकडं दिली होती, एक तारखेला द्यायची म्हणून. ती कोनाड्यात राहिली.

मेहेकनं विचारलं तर भिवराबाई म्हणाली, "कोणची एक तारीख? कवा आली अन् कवा गेली, मला कावून कळावं? हितं खुरपणी चाललीय."

"आणि फडात?"

"फडात तर वारबी न्हाई कळत. सगळे दिवस उसाचेच."

मेहेक खचली नाही. तिनं ठरवलं, वर्षभर पुरेल असं एक इंजेक्शन असतं, ते लांबून मागवायचं आणि जायच्या आधी टोचायचं. तोपर्यंत मानेवर टाकायचे थेंब ती स्वतः येऊन टाकणार. ती थेंबांची कुपी घेऊन निघाली तेव्हा पाशाभाई म्हणाले, "येवढ्या लांब शिकून आली, अन् आता कुत्र्याच्या मानंला अत्तर लावती!"

ती वस्तीवर आली तो दिवस पोळ्याच्या आदला. तिनं माझ्या खांद्यांच्या मधले केस बाजूला केले आणि कातडीवर थेंब सोडले. "मावशी, दोन दिवस इथं हात लावायचा नाही," असं सांगून ती गेली. भिवराबाई तेव्हा चुलीवर पाणी तापवत होती. धुरात तिनं किती ऐकलं देव जाणे, पण पाहिलं सगळं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून दुखलेले खांदे गरम पाण्यानं शेकतात आणि हळद-तूप चोळून मळतात. दोन्ही बैलांचं झालं. भिवराबाईनं माझ्याकडं पाहिलं.

"अवो, डाक्टरीणबाईनं झिपरीच्याबी खांद्याला औषध लावलंय. हिची खांदेमळणी करून गेली जणू."

उत्तरेश्वर हसला. "मंग करा की नीट! हीबी आपल्यासंगं राबतीच."

आणि काय सांगू! गरम पाण्याचा फडका, वर हळद, वर तूप, आणि भिवराबाईच्या कोयत्यानं घट्टे पडलेल्या तळव्यांची मालिश. नेमकी त्याच जागी. माझे डोळे मिटले. औषध वाहून चाललंय हे मला कळत होतं का? अजिबात नाही. कळलं असतं तरी मी हलले नसते.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खायला मेहेक आली. बैलांच्या शिंगांना बेगड, गळ्यात माळा, आणि शेजारी मी, पिवळ्याजर्द मानेची.

"हे काय केलं मावशी?"

भिवराबाईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मेहेक मटकन ओट्यावर बसली. आधी तिला हसू आलं, मग रडू. म्हणाली, "इंजेक्शनही मिळत नाही म्हणून कळवलंय. गोळी विसरते, थेंब धुतले. मग यंदा झिपरी इथंच राहील. माझ्याकडं, गॅरेजवर. भुऱ्यासारखं व्हायला नको."

भिवराबाईचा हात पुरणावरच थांबला. "पोरी, कोपीला दार नसतं. मालक पहाटं गाडी घेऊन कारखान्यावर जात्यात. मी एकली असती. झिपरी हाय म्हणून डोळा लागतो माझा. हे एकच दार हाय मला."

मेहेकनं ताट बाजूला सारलं. पोळी तशीच राहिली. ती मात्र मी खाल्ली.

मेहेक निघाली तेव्हा मी तिच्यामागून गॅरेजपर्यंत गेले. तिचा चेहरा मला बघवत नव्हता. पाशाभाई पाना पुसत बाहेर आले आणि आकाशाकडं पाहत म्हणाले, "आज काळोख हाय. उद्या-परवा चाँद दिसंल. नवा महिना लागतो बघ."

मेहेक म्हणाली, "अब्बा, कॅलेंडर न बघता?"

"तुझ्या दादीला कुठं वाचता येत होतं? एक महिना चुकली न्हाई ती कधी."

मेहेकनं माझ्या पिवळ्या मानेवर हात ठेवला आणि काळोख्या आभाळाकडं पाहिलं.

सकाळी ती माझ्याबरोबर जवळजवळ पळतच वस्तीवर आली. उत्तरेश्वर बैलांच्या शिंगांवरचा बेगड काढत होता.

"काका, फडात अमावस्या पाळता?"

"म्हंजे काय? अमावस्येला बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत न्हाई आपुन. मुकादम किती बोंबलूंदे."

"ती विसरत नाही?"

"चंद्र सरत आलेला दिसतोयच की, अन् बैल उभा असतोय ना म्होरं! इसरतंय कसं?"

"आणि मावशी, त्या दिवशी तुम्ही काय करता?"

"काय करणार? डोक्यावरनं न्हायचं, अन् गोडाचं कायतरी."

मेहेक हसायला लागली. इतकी हसली की बैलांनीही मान वळवली. मग तिनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि भिवराबाईच्या हातात दिली.

"मावशी, इंजेक्शन नको, थेंबही नकोत. गोळीच. पण एक तारखेला नाही. अमावस्येला बैल सुटले, गोड शिजलं, की पहिला घास झिपरीला, आणि त्यात एक गोळी. पुढच्या अमावस्येला माझ्यासमोर द्या. फडात तुमची तुम्ही. आणि उन्हाळ्यात परत आलात की मी पुन्हा रक्त तपासणार."

"म्हंजे ही येणार आमच्यासंगं?"

"येणार," मेहेक म्हणाली. "दार घेऊन जा तुमचं."