निळ्या कोपऱ्यातले दोघे

निळ्या कोपऱ्यातल्या स्टुलावर आधीच कुणाची तरी पिशवी होती. गोकुळदासने ती उचलून खाली ठेवली, आपली वर ठेवली आणि हाताच्या पट्ट्या नीट बसल्यात का ते चाचपायला लागला. तेवढ्यात दोरांतून वाकून बाबाजी आत आला.

"रे, ती माझी पिशी."

"तुझी? मगे तू हय कशाक?"

"मी हयच असतंय. बारा वर्षां झाली."

"मीय हयच असतंय," गोकुळदास म्हणाला.

दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले. रिंगच्या दुसऱ्या टोकाला लाल कोपरा रिकामा होता. तिथे घडी न मोडलेला टॉवेल होता, सीलबंद पाण्याची बाटली होती, आणि कुणीच तिकडे जात नव्हतं. पेडण्याच्या त्या हॉलमध्ये रविवारी दुपारी साडेतीनला शंभरेक माणसं बसली होती. त्यातल्या काहींना वाटलं, हे दोघे भाऊ असावेत.

लाल कोपरा जिंकायला आलेल्याचा. ज्याची तिकिटं खपतात, ज्याचे काका-मामा पहिल्या रांगेत मोबाईल वर धरून बसतात, त्याचा. निळा कोपरा बाहेरून बोलावलेल्याचा. त्याने यायचं, सहा फेऱ्या उभं राहायचं, हरायचं आणि आपल्या पायांनी घरी जायचं. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण आपल्याकडे बहुतेक पक्क्या गोष्टी अशाच न लिहिलेल्या असतात.

लीगकडून आलेली गौरवी हातातल्या टॅबवर बोट फिरवत खाली उभी होती. पंचविशीची, चष्मेवाली, कामाला चोख. ती म्हणाली, "लालमध्ये गोकुळदास. यादीत त्यांचं नाव वर आहे."

"वर?" गोकुळदासने विचारलं. यादीत आपलं नाव कशाच्या तरी वर असू शकतं हे त्याला नवीन होतं.

"शेवटून दुसरे."

गोकुळदासने पिशवी उचलली आणि भाड्याचं घर बदलणाऱ्या माणसासारखा रिंग ओलांडून पलीकडे गेला.

गेल्या वर्षापर्यंत व्यावसायिक बॉक्सिंगच्या तीन संघटना होत्या. तिघींचे तीन चॅम्पियन, तीन पट्टे, तीन वह्या. एका वहीतला पराभव दुसरीत दिसत नसे. नव्या पोराला मोठा करायचा, तर त्याच्यासमोर दहा वेळा हरणारी माणसं उभी करायची, मग पोस्टरवर छापायचं : दहापैकी दहा. एका संघटनेने बंदी घातलेला, डोळ्याला मार लागलेला माणूस पंधरा दिवसांनी दुसरीकडे हातमोजे चढवून उभा राही. मग एका पोराचं फार वाईट झालं, पेपरात आलं, आणि तिघींची मोट बांधून एकच लीग झाली. एक नोंदवही, एक डॉक्टर, तीन विभाग. बरोबरीच्याशीच बरोबरीच्याची लढत. हंगामाच्या शेवटी तिसऱ्या विभागात जो तळाला राहील, त्याचं लायसन्स रद्द.

हे सगळं योग्यच होतं. गोकुळदासलाही ते पटलं होतं. अडचण एवढीच झाली, की तिन्ही वह्या एकत्र केल्यावर त्याच्या नावावर चव्वेचाळीस लढती निघाल्या, त्यातल्या एकेचाळीस हरलेल्या. जिंकलेल्या तीनपैकी एकीत समोरच्याचा पाय रिंगमध्ये चढतानाच मुरगळला होता. बाबाजीच्या एकोणचाळीस, जिंकलेल्या दोन. नव्या हंगामात दोघेही सगळ्या लढती हरले होते. आज जो हरेल तो जाणार होता.

दोघांची ओळख जुनी. कपडे बदलायच्या खोल्यांमधली. कोल्हापूर, बेळगाव, पणजी. एकमेकांना बर्फ दिलेला, पाठीला बाम चोळलेला. पण एकमेकांसमोर कधी उभे राहिले नव्हते. दोन हरणाऱ्यांची लढत लावणार कोण, आणि बघणार कोण?

सकाळी वजनाच्या वेळी बाबाजीने त्याला बाजूला घेतलं होतं. बाबाजी केरीच्या फेरीबोटीवर खलाशी. उन्हाने करपलेला, कमी बोलणारा.

"तू आज काय करतलंस?"

"काय करतलंय म्हणजे?"

"मारतलंस?"

गोकुळदासने जरा विचार केला. "मारूक होया ना रे."

"होय. मारूक होया." बाबाजी वजनकाट्याकडे बघत राहिला. "माझी पोरगी शाळेत लिवता, बाबा बॉक्सर म्हणान. फेरीवालो लिवणा नाय."

"माझां तसां काय नाय. माका फोन येतत."

तेवढंच तो म्हणाला, पण ते खरं होतं. मुळगावात गोकुळदास खाणीवरचा टिपर चालवी. धुळीने लाल झालेल्या रस्त्यावर रांगेत साठ टिपर, त्यातला एक त्याचा. तो आजारी पडला तर एकसष्टावा येई. पण कुठल्या तरी शनिवारी कोल्हापूरहून फोन येई : गोकुळ, पोर आहे, पहिलीच फाईट, सांभाळून घे. मग तो पोराला सांभाळे. पोराचा ठोसा बसेल इतपत जवळ जाई, पोर दमलं की मिठी मारून दोन श्वास मिळवून देई, गुडघे गेले तर कुणाला कळायच्या आत छातीशी धरून उभा ठेवी. त्याच्यासमोर एकही पोर जायबंदी झालं नव्हतं. हे तिन्ही वह्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता लीग आली तसे फोन कमी झाले होते. पण लायसन्स असलं तर येतील, असं त्याला वाटे.

निघताना सुविधा दारात आली होती. बारा वर्षांत तिने त्याची एकही लढत बघितली नव्हती. तो लढतीला निघाला की ती बाजाराला निघालेल्याला सांगावं तसं काहीतरी आणायला सांगे. आज पाव होते.

"येताना साखळेंतल्या पोदेराकडचे उंडे हाडा. चारच. गेल्या वेळी करपलेले हाडलास."

"आज हरलंय तर लायसन जातलां."

"मगे सहा हाडा," ती म्हणाली आणि आत गेली.

घंटा वाजली. गोकुळदासच्या कोपऱ्यात परेश होता, साखळीतल्या व्यायामशाळेचा मालक. त्याने कानाशी तोंड नेलं. "गोकुळ, आज जिंकायचंय. ऐकतोयस ना?"

"होय परेशबाब. कसां तां सांगा."

परेशने त्याची पाठ थोपटून त्याला पुढे ढकललं.

पहिल्या फेरीत दोघेही मागे सरकत राहिले. समोरच्याने पुढे यायचं, आपण मागे जायचं, ही दोघांची आयुष्यभराची चाल. त्यामुळे रिंगच्या मधोमध मोठी रिकामी जागा पडली आणि त्या जागेत रेफरी एकटाच उभा राहिला. त्याने दोनदा टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "कोणतरी मारा रे, सावंतवाडीची बस चुकतली माझी."

दुसऱ्या फेरीत त्यांनी मारायला सुरुवात केली. गोकुळदासने डावा टाकला. तो बाबाजीच्या गालावर नीट बसला, तशी "सॉरी" असं त्याच्या तोंडून निघून गेलं. बाबाजीने मान हलवली आणि एक परत दिला. तिसऱ्या-चौथ्या फेरीत मात्र दोघांना घाम आला, आणि घामाबरोबर आणखी काहीतरी. लोक हसायचे थांबले. दोघेही चांगलं लढत होते. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे हे कुणी मागितलंच नव्हतं.

पाचव्या फेरीत बाबाजीचा उजवा हात कुठून आला ते गोकुळदासला दिसलं नाही. जबडा बाजूला गेला आणि हॉलमधला आवाज कुणी दार लावून घ्यावं तसा बंद झाला. डोकं जागेवर होतं. पाय नव्हते. हे त्याने पोरांच्या डोळ्यांत कितीदा तरी बघितलं होतं. आतून कसं दिसतं ते आज पहिल्यांदाच कळलं. त्याला एवढंही कळलं, की बाबाजीने आता काहीच करायला नको. फक्त एक पाऊल मागे जायचं. आपण आपोआप पडू.

बाबाजी मागे गेला नाही. पुढे आला. त्याचे दोन्ही हात गोकुळदासच्या दंडांखाली शिरले आणि तिथेच राहिले. छातीला छाती.

"श्वास घे," तो पुटपुटला. "पाय खय आसत तुझे? बघ आदी."

"ब्रेक," रेफरी म्हणाला.

बाबाजीने सोडलं. गोकुळदास डुलला. बाबाजीने पुन्हा धरलं.

"ब्रेक!"

तिसऱ्यांदा रेफरीने दोघांना ढकलून वेगळं केलं, बाबाजीचा हात उचलला आणि पंचांना एक बोट दाखवलं. धरून ठेवल्याबद्दल एक गुण वजा. तोवर गोकुळदासचे पाय परत आले होते.

सहावी फेरी झाली. गोकुळदास त्याच एका गुणाने जिंकला.

रेफरीने दोघांची मनगटं धरली होती. गोकुळदासचं वर गेलं तेव्हा तो सवयीने खाली बघत होता. परेश मिठी मारायला धावला. लाल कोपऱ्यातलं पाणी कुणीतरी त्याच्या डोक्यावर ओतलं. दोरांपलीकडे गौरवी बाबाजीला टॅबवर सही कुठे करायची ते दाखवत होती. त्याने बोटाने नाव काढलं, पिशवीतून लायसन्सचं कार्ड काढून दिलं, आणि म्हणाला, "कव्हर माका होया. फेरीर पाणी उडता. आधार कार्डाक बरां पडतलां."

गौरवीने कार्ड काढून घेतलं आणि रिकामं कव्हर त्याला परत दिलं. मग उगाचच म्हणाली, "थँक यू, सर."

घरी पोचल्यावर सुविधाने त्याच्या जबड्याकडे बघितलं.

"मगे?"

"जिंकलंय."

तिने पिशवीत हात घालून उंडे मोजले. सहा होते.

सोमवार, मंगळवार, बुधवार गोकुळदासने टिपर चालवला. रांगेत थांबला की पाचवी फेरी आठवे. लोकांना धरून ठेवायचा धंदा त्याचा होता. त्याला स्वतःला त्याआधी कधी कुणी धरलेलं नव्हतं. बाबाजीला काय झालं होतं? तोही दमला होता? की त्याने जाणूनबुजून धरलं? जाणूनबुजून असेल, तर ते लायसन्स नक्की कोणाचं?

गुरुवारी त्याची सुट्टी होती. त्याने स्कूटर काढली.

"खय चललास?" सुविधाने विचारलं.

"केरीक. एक विचारूचां आसा."

केरीच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेली होती. बाबाजी उतारावर उभा राहून तळहाताने गाड्या आत घेत होता. ये, ये, ये, बस. गोकुळदासची स्कूटरही त्याने तशीच आत घेतली आणि मग ओळखलं.

"तेरेखोलाक जातंस?"

"नाय. तुझ्याकडेच इलंय."

"मगे बस. परत हाडून सोडतंय."

फेरी सुटली. खाडीचं पाणी भरतीचं, गढूळ. बाबाजीने साखळी लावली, दोराचं वेटोळं केलं आणि जवळ येऊन कठड्याला टेकला. डोळ्याखालचं काळंनिळं अजून तसंच होतं.

"फोन इलो काय रे कुणाचो?" त्याने विचारलं.

"नाय अजून."

"येतलो."

पलीकडचा धक्का जवळ येत होता. गोकुळदासने घसा साफ केला. "बाबाजी, त्या पाचव्या फेरीत तू—"

फेरी उताराला लागली. सगळं लोखंड एकदम पुढे सरकून थांबलं. डोक्यावर पाटी घेतलेली शेवंती म्हणून एक म्हातारी कडेला उभी होती, ती डुलली. बाबाजीची नजर दोरावर होती. पण त्याचा डावा हात आधीच तिच्या दंडाखाली होता. तिचे पाय जागेवर येईपर्यंत तो हात तिथे राहिला, मग निघाला. म्हातारीने त्याच्याकडे बघितलंही नाही. कठड्याचे कुणी आभार मानत नाही. पाटी सावरून ती उतरून गेली.

बाबाजीने दोर खुंटाला टाकला, पाच-सहा माणसं उतरवली, पाच-सहा घेतली आणि परत आला.

"काय विचारी होतंस?"

"काय नाय," गोकुळदास म्हणाला. "पोरगी बरी आसा मा?"

"बरी आसा. आता काय लिवतली बघूया."

परतीच्या वेळी गोकुळदास कठड्याला टेकला नाही. मधोमध उभा राहिला, पाय जरा फाकवून. केरीचा धक्का जवळ आला तेव्हा बाबाजी दोर घेऊन पार पुढच्या टोकाला होता, हात पोचणार नाही इतका लांब. पण हिसका बसायच्या आधी त्याने एकदा वळून मागे बघितलं. गोकुळदासच्या तोंडाकडे नाही, पायांकडे.