समोरची पोरगी

"डाव्या हातानं खेळ," बाबा म्हणाला. "नाशकाच्या स्पर्धेला नागपूरवाली येनार हाय."

मी रॅकेट डाव्या हातात घेतली. सकाळपासून बोईसरच्या कंपनीत याच हाताने औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरल्या होत्या आणि उजव्याने चिकटपट्ट्या मारल्या होत्या. त्यामुळे दोन्ही हात सारखेच दुखत होते. कुठल्याही हाताने खेळायला सांगितलं तरी माझी हरकत नव्हती.

नागपूरवाली म्हणजे प्रियदर्शिनी, डावखुरी. सर्व्हिस बाहेरच्या बाजूला वळवते, बॅकहँडवर कधी घाई करत नाही, आणि हरायला लागली की खाली बसून बुटाची नाडी बांधते. तिची नक्कल करताना मी नाडीसुद्धा बांधते. बाबाचं म्हणणं असं, की पोरगी करायची तर पुरती करायची.

जाळीपलीकडे माझी धाकटी बहीण भाविका. चौदा वर्षांखालच्या मुलींत तिचं नाव सध्या वर वर सरकतंय. पालघरच्या पेपरात तिचा फोटो आला होता, 'तारापूरची उगवती टेनिसपटू' म्हणून. बातमीत बाबाचं नावही होतं, नवशा, पुढे आडनाव चुकलेलं. ते कात्रण त्याने कोर्टाशेजारच्या खोलीत चिकटवलंय, जिथे तो चुन्याच्या गोण्या आणि झाडू ठेवतो.

बाबा आमच्या मासवण गावाहून तारापूरला आला तो कॉलनीच्या कोर्टावर साहेबलोकांचे चेंडू वेचायला. मग कुणाला जोडीदार नसला की त्याच्यासमोर उभा राहायला लागला, आणि बघता बघता कोर्टाचा मार्करच झाला. साहेबाला घाम तर फुटला पाहिजे, पण साहेब हरता कामा नये, असं खेळायची ती नोकरी. तीच विद्या त्याने पुढे मला शिकवली, फक्त साहेबाच्या जागी भाविका आली.

आधी मीच खेळायचे. सर्व्हिस केली की धावत नेटपाशी जायचं, हे माझं वेड होतं. बाबा ओरडायचा, "अगं थांब, बॉल तर येऊ दे!" आणि मी पोचलेली असायचे. मग एकदा जेवताना तो म्हणाला, "दोघींना गावोगाव फिरवनं नाय जमनार मला." ताटातून मान वर न करता म्हणाला. भाविका माझ्याहून चपळ होती, नजर तिखट होती, हे मला त्याच्या आधी कळलं होतं. मी म्हटलं, "तिलाच ने." कोणी जबरदस्ती केली नाही. केली असती तर निदान रागावता तरी आलं असतं.

तेव्हापासून आमचं हे असं चाललंय. स्पर्धेला गेलं की बाबा कुंपणाबाहेरून मोबाइलवर दुसऱ्या पोरींचे सामने टिपतो. घरी आल्यावर मी ते बघते, पुन्हा पुन्हा बघते, आणि दुसऱ्या दिवशी ती पोरगी होते. कोल्हापूरची उंच उंच चेंडू टाकणारी झाले, ठाण्याची प्रत्येक फटक्याला किंचाळणारी झाले. किंचाळताना कंपनीतल्या कोणी ऐकू नये म्हणून तेवढी काळजी घेते. मी नवी पोरगी सुरू केली की भाविका पलीकडून विचारते, "ताई, ही कोन?" मी नाव सांगते. मग ती त्या नावाला हरवायला लागते.

रूपल मॅडमचा फोन आला तेव्हा बाबा कोर्टाला पाणी मारत होता. पुण्याच्या अकादमीच्या मोठ्या प्रशिक्षक. रविवारी येऊन भाविकाला बघणार होत्या. पसंत पडली तर राहणं, खाणं, खेळणं, सगळं त्यांच्याकडे. बाबा "हो म्याडम, हो म्याडम" करत होता, आणि मधेच, कोण जाणे कसं, त्याच्या तोंडून निघून गेलं, "मोठी पन खेळते."

फोन ठेवून तो माझ्याकडे आला. पायांपाशी पाण्याची नळी तशीच वाहत होती.

"म्याडम बोलल्या, तुला पन बगतील. दोन जागा हायत त्यांच्याकडं."

"मला? आता?"

"जूनियरचं शेवटचं वरीस हाय तुजं. बोलल्या, हात असंल तर पुढं बायांच्या गटात खेळवू."

"मंग कंपनी?"

"कंपनीला काय झालं? कंपनी काय पळून चाल्ली?" आणि त्याने पाणी बंद केलं.

त्या आठवड्यात मी खोकी भरत होते ती कुठली भरली, देव जाणे. मला खूप हवं होतं ते. इतकं हवं होतं की कोणाशी बोलायची भीती वाटत होती. रविवारी सकाळी आईने उकडलेलं अंडं माझ्या ताटात ठेवलं. आमच्याकडे अंडी भाविकाची असतात. भाविकाने बघितलं आणि स्वतःचं मीठ माझ्याकडे सरकवलं.

रूपल मॅडम वेळेवर आल्या. बदामाच्या झाडाखाली खुर्ची होती, तिच्यावर न बसता त्या कुंपणाच्या जाळीला हात लावून उभ्या राहिल्या. आधी भाविकाला बघायचं होतं. बाबाने सांगितलं म्हणून मी प्रियदर्शिनी झाले, मग कोल्हापूरची झाले. भाविका सुरेख खेळली. कोपऱ्यातला चेंडू ती अशी उचलते की तो मारायला अवघड होता हेच बघणाऱ्याला समजत नाही. माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही.

मॅडम हसायला लागल्या. "अगं, ही तर अगदी प्रियदर्शिनी! नाडीसकट!" मग मला खुणेने जवळ बोलावलं. भाविका पलीकडच्या टोकाला पाणी पीत होती.

"आता ते सगळं बाजूला ठेव," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझा खेळ दाखव मला."

आठवडाभर मी याच वाक्याची वाट बघत होते. मी रेषेवर आले, चेंडू हातात घेतला आणि उभी राहिले. रॅकेट मी कशी धरायचे? चेंडू किती वर फेकायचे? मी फेकला तो ठाणेवालीचा फेकला गेला. तो धरला आणि पुन्हा फेकला, तर तो नागपूरचा निघाला.

शेवटी मी कशीबशी सर्व्हिस केली आणि नेटकडे धावले. पाय पोचले, पण उशिरा. भाविकाचा फटका माझ्या बाजूने निघून गेला. पुढच्या वेळी चेंडू रॅकेटला लागला आणि जाळ्यात गेला. त्याच्या पुढचा रेषेबाहेर. एकदा मात्र मी वेळेवर पोचले, बॅकहँड व्हॉली अलगद पलीकडे पडली आणि तिथेच मेली. कुंपणापाशी बाबा म्हणाला, "हां!" मला वाटलं, हीच ती. सापडली. मग लागोपाठ सगळे चुकले.

बाजू बदलताना मी त्यांच्या जवळून गेले. मॅडम बाबाशी बोलत होत्या.

"धाकटीला जूनमध्ये पाठवा. मोठीचा हात चांगला आहे हो, पण तिचा असा खेळ उरलेला नाही. सराव द्यायला मात्र अशी मुलगी शोधून मिळणार नाही. नाशिक होईपर्यंत तिला हेच करू दे."

बाबा झाडाखालच्या खुर्चीकडे बघत राहिला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याचीच दया आली, आणि त्या दयेचाच जास्त राग आला.

पलीकडून भाविका ओरडली. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तिच्या दृष्टीने मी सकाळपासून तिसरी पोरगी सुरू केली होती.

"ताई, ही कोन? मोबाइलवर नाय बगितली कदी."

मी चेंडू जमिनीवर आपटला.

"सांग ना! नेटवर येते सारखी. हिला मी कदी पन हरवीन."

"हरव," मी म्हटलं. "होती एक मासवणची."

"चांगली होती?"

"बरी होती."

"मंग मार ना सर्व्हिस."

मॅडम बॅग आवरत होत्या. बाबा पाठमोरा झाला होता. मी चेंडू वर फेकला, मारला आणि नेटकडे पळाले. तो जाळ्यात अडकला. मी परत मागे आले, रेषेवर पाय ठेवला आणि खिशातून दुसरा चेंडू काढला.