को अंकलची काडतुसं

निशिकांत करमरकर म्हणजे अगदी नाकासमोर चालणारा माणूस. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला हा आपला उभाच! सिंगापूरला अशी माणसं आवडतात आणि त्यालाही सिंगापूर मनापासून आवडायचं. बुकित बातोकमधल्या एका छोट्या मालवाहतूक कंपनीत तो धोकादायक मालाचं काम बघायचा. रंग, ॲसिडं, बॅटऱ्या आणि अधूनमधून बंदुकीची काडतुसं. काडतुसं मागवणारे एकटे को अंकल, निवृत्त चिनी शाळामास्तर. पोलिसांचा परवाना, कस्टम्सची परवानगी, आणि माल घरी नाही, तर थेट नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात. कुठे बोट ठेवायला जागा नाही. मात्र निशिकांतने मंजुरी दिल्याशिवाय माल जागचा हलायचा नाही.

आता या काडतुसांनी को अंकल मारायचे काय? कावळे! शहरात कावळे फार माजले की परवाना असलेले हौशी नेमबाज वस्त्यावस्त्यांतून जाऊन ते टिपायचे.

हे निशिकांतच्या आईला, संजीवनीबाईंना कळलं मात्र, आणि टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये ठिणगी पडली. बाई नाशिकहून लेकाकडे राहायला आल्या होत्या.

"अरे मेल्या, कावळे मारायला मदत करतोस? मग उद्या आमच्या पिंडाला कोण शिवणार? बंद कर हा उद्योग!"

"आई, सगळं कायदेशीर आहे गं."

"कायदा तुमचा. कावळ्यांना कुणी विचारलंय का?"

निशिकांत हसला. बाई हसल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात त्या झोपेतच गेल्या.

दहाव्याला पासिर रिसच्या किनाऱ्यावर चौघं जमली. निशिकांत, बायको प्रणिता, पुण्याहून आलेली बहीण नंदा आणि दिलीपराव, जे एरवी बँकेत नोकरी करत आणि अडीअडचणीला भटजी होत. केळीच्या पानावर काळे तीळ घातलेल्या भाताचा पिंड ठेवला आणि सगळी मागे सरली. कावळ्यांना तोटा नव्हता. समोरचं झाड नुसतं काळं झालं होतं. पण भर सकाळी एवढे कावळे, आणि एकही ओरडेल तर शपथ!

"काय इच्छा राहिली असेल ते बोला," दिलीपराव म्हणाले.

निशिकांतने हात जोडले. "आई, नंदाला मी अंतर देणार नाही. नाशिकचं घर विकणार नाही. तुझे देव उपाशी ठेवणार नाही." झाडावर पंखसुद्धा फडफडला नाही.

"अहो," प्रणिता हलकेच म्हणाली, "ते पिंडाकडे बघतच नाहीयेत. तुमच्याकडे बघताहेत."

निशिकांत जरा बाजूला सरला. झाडावरच्या सगळ्या माना त्याच्याबरोबर वळल्या. बाबांनो, मी उभ्या जन्मात बंदुकीला हात लावलेला नाही, त्याच्या मनात आलं. मग मला कसं ओळखलंत?

"दर्भाचा कावळा करू या," दिलीपराव म्हणाले. "शास्त्रात तशी सोय आहे."

"नाही!" निशिकांत ओरडलाच. आईला असं गवताचा कावळा करून वाटेला लावायचं? मग घसा खाकरून तो म्हणाला, "आई, काडतुसांना माझ्या हातून पुन्हा मंजुरी मिळणार नाही. शब्द देतो."

शब्द तोंडातून निघायचा अवकाश, एक थोराड कावळा झपकन उतरला आणि त्याने भाताचा घास घेतला. नंदा हुंदके देऊ लागली. निशिकांत तर लहान मुलासारखा रडला. सुटली आई!

दुपारी को अंकलचा फोन आला. भला माणूस, आधी आईचं विचारलं, मग चाचरत म्हणाले, "माल आलाय, पण तुझ्या मंजुरीवाचून अडलाय. जमेल तेव्हा बघ."

निशिकांतला सकाळचा शब्द आठवला. मग त्याच्यातला कारकून जागा झाला. हा माल तर आधी मागवलेला. शब्द दिला तो पुढच्या मालाचा. आणि अडवून साहेबाला कारण काय सांगणार, कावळा? एवढ्याने काय आभाळ कोसळतंय! त्याने मोबाईलवरूनच मंजुरी दिली आणि प्रणिताला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बाहेरच्या लोखंडी दारावर टकटक झाली. त्याने उघडलं. समोर कॉरिडॉरच्या कठड्यावर तोच थोराड कावळा बसला होता. त्याचा गळा फुगला, मान ताणली गेली आणि त्याने चोचीतून भात ओकला. तिळाचा भात, शितन्‌शीत तसंच.

निशिकांतने घाईघाईने फोन लावला. "अंकल, माल परत पाठवा! माझी चूक झाली!"

"अरे, माल केव्हाच पोचला. थँक यू हं! उद्या सकाळी तुमच्याच बिल्डिंगकडे येतोय आम्ही. तक्रारी आल्यात, कावळे फार झालेत म्हणे."

आतून प्रणिताने विचारलं, "अहो, कोण आलंय?"

त्याने हात उडवले, टाळ्या वाजवल्या, पायातली चप्पल काढून उगारली. "जा ना गं," तो रडत म्हणाला, "आई, पाया पडतो तुझ्या, उजाडायच्या आत इथून जा!"

कावळ्याने पंख मिटले आणि तो कठड्यावर नीट बसला.